मुलाच्या हाती कोणते पुस्तक?

(एका विहारातील बाल-वाचनालयाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आज या विहारात मुलांसाठी वाचनालय सुरू होत आहे. कपाट लहान आहे, पुस्तके थोडी आहेत आणि ती आणणारे हात कष्टकऱ्यांचे आहेत. अशा प्रसंगी वक्त्याने वाचनाची थोरवी गावी असा प्रघात आहे. मी तो मोडणार आहे. वाचन चांगले, हे आपणास माझ्याकडून ऐकावयास नको. मला आपणापुढे ठेवावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. मुलाच्या हाती पुस्तक पडले, एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय? की ते पुस्तक कोणते, त्यात कोण आहे, कोण नाही आणि जो आहे तो कोणत्या रूपात आहे, हेही आपण पाहिले पाहिजे?

या प्रश्नाशी शंभर वर्षांहून अधिक काळ झुंजलेला एक समाज आहे. तो आपल्यापासून फार दूर, अमेरिकेत राहतो. तेथील कृष्णवर्णीयांनी आपल्या मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत यासाठी जो लढा दिला, आणि आजही देत आहेत, त्याची हकीकत मी आपणास सांगणार आहे.

प्रारंभ एका गोष्टीने करतो. मिसिसिपी राज्यातील एक खेडे, साल १९३३. गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी. काळ्यांच्या शाळेत पहिल्याच वर्षी आलेला सहा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला स्वच्छतेची मोठी आवड. कपड्यावर धुळीचा कण त्याला खपत नाही. आज वर्गात पुस्तके मिळणार म्हणून तो हरखून गेला आहे. परंतु हाती येते ते फाटके, मळलेले, पानोपानी डागाळलेले पुस्तक. तो दुसरे मागतो, बाई रागावतात. मुलगा निमूटपणे पुस्तक उघडतो आणि मुखपृष्ठाच्या आतील बाजूस छापलेला एक तक्ता त्याच्या नजरेस पडतो. पुस्तक कोणत्या वर्षी दिले, त्याची स्थिती कशी होती आणि घेणारा विद्यार्थी कोणत्या वंशाचा, असे रकाने त्यात आहेत. अकरा ओळींत घेणारा गोरा आहे. पुस्तक प्रथम नवे, मग चांगले, मग बरे, मग खराब होत गेले आहे. बाराव्या ओळीत स्थितीच्या रकान्यात ‘अत्यंत वाईट’ असा शेरा आहे आणि वंशाच्या रकान्यात काळ्यांसाठी वापरला जाणारा हिणकस शब्द. मुलाला वाचता येते. तो पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्यावर पाय देऊन नाचतो. त्याबद्दल त्याला छड्या बसतात. त्याची बहीण त्याची बाजू घेते, तिलाही बसतात. त्यांची आई त्याच शाळेत शिक्षिका असते. हे कळताच ती कागद आणि खळ घेऊन बसते आणि त्या तक्त्यांवर कागद चिकटवून टाकते.

ही गोष्ट मिल्ड्रेड टेलर या कृष्णवर्णीय लेखिकेच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ या कादंबरीत आहे. ती १९७६ साली मुलांसाठी लिहिली गेली आणि १९७७ साली तिला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. टेलरबाईंचा जन्म मिसिसिपीतला. वडिलांनी सांगितलेल्या आठवणींतून त्यांनी ही कथा रचली. गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली पुस्तके काळ्यांच्या शाळेस देण्याची रीत त्या काळी दक्षिणेत सर्रास होती.

बंधूंनो, या गोष्टीत दोन अपमान आहेत. एक उघड आहे: उष्टे पुस्तक. उष्ट्याचा अर्थ आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगावा लागला नव्हता. परंतु दुसरा अपमान झाकलेला आहे, आणि मला आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे. समजा, त्या मुलास अगदी कोरे पुस्तक मिळाले असते. तरी त्यात त्याला काय दिसले असते? गोरा बाप, गोरी आई, गोरी मुले आणि त्यांचे घर. त्याच्यासारखा कोणी असलाच तर तो नोकर किंवा विदूषक म्हणून. फाटलेले पुस्तक बदलून मागता येते. न फाटलेल्या पुस्तकात आपण मुळीच नाही, हे मात्र मुलाला सांगताही येत नाही. त्याच्या मनात ते नकळत रुजते.

हे सर्वप्रथम ओळखून त्यावर उपाय योजणाऱ्यांत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे नाव अग्रभागी आहे. हे नाव आपणास परके नाही, निदान नसावे. १९४६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. आपण त्यांचे लेखन वाचत आलो आहोत, अमेरिकेतील निग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीत मोठे साम्य आहे, असे कळवून संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आस्थेने उत्तर पाठवले. हा पत्रव्यवहार पुष्कळांस माहीत असतो. परंतु राष्ट्रसंघाचे दार ठोठावणाऱ्या त्या पिढीतील हा विद्वान पाव शतकापूर्वी मुलांचे मासिक चालवीत होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

ड्यू बॉइस तेव्हा ‘क्रायसिस’ या मासिकाचे संपादक होते. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अत्याचारांची वृत्ते त्यात द्यावी लागत. जमावाने माणसे पकडून ठार मारल्याच्या वार्ता महिन्यामागून महिने छापाव्या लागत. मुलेही हे मासिक वाचीत. एका बारा वर्षांच्या मुलीने संपादकांस लिहिले की, गोरा माणूस माझा जितका द्वेष करतो तितकाच, किंबहुना अधिक, मी त्याचा करते. ते पत्र वाचून ड्यू बॉइस चिंतेत पडले. सत्य मुलांपासून लपवणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. परंतु द्वेषाच्याच खुराकावर मुले वाढली तर त्यात मुलांचाच नाश होता. मग करावे काय?

भगिनींनो, हा प्रश्न तुमच्या घरातला आहे. २००६ साली खैरलांजीत काय घडले ते मुलास केव्हा सांगावे आणि कसे सांगावे, असा विचार तुमच्यापैकी कितीजणींनी रात्री केला असेल! न सांगावे तर मूल उद्या वर्गात बेसावध सापडेल. सांगावे तर त्याचे हसू मावळेल. ड्यू बॉइस यांनी या पेचातून जो मार्ग काढला तो म्हणून आपण नीट पाहिला पाहिजे.

जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ‘द ब्राउनीज बुक’ नावाचे मुलांचे मासिक काढले. किंमत पंधरा सेंट. जेसी रेडमन फॉसेट या विदुषी त्याच्या संपादनाचा भार वाहत. कृष्णवर्णीय असणे ही स्वाभाविक आणि सुंदर गोष्ट आहे हे मुलांस कळावे, आपल्या वंशाचा इतिहास आणि पराक्रम त्यांस ठाऊक व्हावा, आपल्यासारखीच मुले पुढे मोठी आणि उपयोगी माणसे झाली हे त्यांनी जाणावे, गोऱ्या मुलांशी वागताना स्वाभिमान आणि सभ्यता कशी राखावी हे त्यांनी शिकावे आणि मनाला झालेल्या जखमांचे रूपांतर कर्तृत्वात व्हावे, असे हेतू मासिकाने आरंभी जाहीर केले होते. त्यात गोष्टी होत्या, खेळ होते, चरित्रे होती, जगातील घडामोडी होत्या आणि पानोपानी शाळेत जाणाऱ्या, पदवी घेणाऱ्या कृष्णवर्णीय मुलामुलींची छायाचित्रे होती. नुकतीच शाळा सोडलेला एक तरुण त्यात कविता पाठवू लागला. पुढे लँग्स्टन ह्यूज या नावाने त्यास सर्व जगाने ओळखले.

ड्यू बॉइस यांनी सत्य लपवले नाही आणि द्वेषही पेरला नाही. त्यांनी दुःखाशेजारी अभिमान ठेवला आणि अभिमानाशेजारी आनंद ठेवला. मासिक अवघी दोन वर्षे चालले. चोवीस अंक निघाले आणि डिसेंबर १९२१ मध्ये पुरेशा वर्गणीदारांअभावी ते बंद पडले. कोणा सरकारने ते बंद पाडले नव्हते, गोऱ्यांच्या जमावाने छापखाना जाळला नव्हता. आपल्याच घरांतून वर्गणी आली नाही! ही गोष्ट पाक्षिके आणि मासिके वाचणाऱ्या आपणा सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मासिक गेले, परंतु विचार राहिला. १९३७ साली न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एकशे पस्तिसाव्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयात ऑगस्टा बेकर नावाच्या बाई बालविभागात रुजू झाल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचीच ही वस्ती. बेकरबाईंनी कपाटे तपासली. येथे येणारी मुले काळी आणि पुस्तकांतील मुले गोरी! जी थोडी काळी पात्रे होती ती ओठ फुगवून, डोळे बटबटीत करून चितारलेली आणि मोडक्यातोडक्या भाषेत बोलणारी.

बेकरबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एकेक पुस्तक हातात घेऊन वाचण्यास सुरुवात केली. भाषा कशी आहे, विषय कसा मांडला आहे आणि चित्रे कशी आहेत, अशा तीन कसोट्या लावल्या. उतरेल ते घेतले, न उतरेल ते सोडले. १९३९ साली त्यांनी निवडक पुस्तकांचा एक संग्रह उभा केला आणि त्यास कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे नाव दिले. त्यांनी पुस्तकांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्या शिक्षकांच्या, ग्रंथपालांच्या आणि प्रकाशकांच्या हाती गेल्या. हार्लेममधील मुलांस काय हवे आहे हे त्या प्रकाशकांना सांगत राहिल्या. १९६१ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या सर्व शाखांतील मुलांच्या सेवेची सूत्रे याच बाईंकडे आली. एका कपाटापासून आरंभ झाला होता, हे येथे आवर्जून सांगतो, कारण आपले कपाटही एकच आहे.

दरम्यान कायद्याची लढाई चालू होती. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची मुलगी केंद्र सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेची पायरी चढली. बाहेर जमाव ओरडत होता. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या एका शिक्षिकेने संपूर्ण वर्षभर त्या एकट्या मुलीला शिकवले. चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या आपणा लोकांस ही पायरी म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही.

परंतु दार उघडले म्हणजे पुस्तकही उघडते असे नाही. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक पाहणी प्रसिद्ध केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत त्रेसष्ट प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तके निघाली अवघी ३४९! शंभरात सात देखील नाहीत. आजच्या काळातील कृष्णवर्णीय माणसांची गोष्ट सांगणारी तर शंभरात एकही भरत नव्हती. पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात, असे पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीने विचारले होते. लॅरिकबाईंनी लेखाचा आरंभ त्या प्रश्नानेच केला. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. या पुस्तकांनी काळ्या मुलाचे नुकसान होते हे खरेच, परंतु गोऱ्या मुलाचे नुकसान कदाचित त्याहून मोठे आहे. ज्या मुलास सर्व पुस्तकांत आपलाच चेहरा दिसतो त्यास जग म्हणजे आपणच असे वाटू लागते. त्या भ्रमातच वर्णद्वेषाचे मूळ आहे.

याच सुमारास एक आशादायक गोष्टही घडली होती. १९६२ साली एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक निघाले. त्यात पीटर नावाचा लहान काळा मुलगा तांबडा पोशाख घालून बर्फात खेळावयास जातो, आणि खेळून घरी येतो. कथानक ते एवढेच. तो काळा आहे असे पुस्तकात शब्दांनी कोठेही सांगितलेले नाही, ते केवळ चित्रांत दिसते. १९६३ साली या पुस्तकास चित्रांसाठीचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. कीट्स स्वतः गोरे, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले होते. दुसऱ्याच्या मुलाचे चित्र परक्याने काढावे काय, यावर तेथे पुढे वाद झाला, आणि तो व्हावयास हवा होता. परंतु मला या पुस्तकाचा एक गुण आपणापुढे ठेवावयाचा आहे. त्यातला मुलगा कोणाचा मार खात नाही. तो नुसता खेळतो. आपल्या मुलांविषयीच्या पुस्तकांतही केवळ हाल नसावेत. त्यांत चिखलात उड्या मारणारे, पतंगासाठी हट्ट धरणारे, आजीच्या कुशीत झोपणारे मूल असले पाहिजे. आनंदी असण्याचा हक्क हाही हक्कच आहे.

अशी पुस्तके मुलांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून झटणारेही होते. त्यांची भीती कोठवर जाते पाहा. १९५८ साली गार्थ विल्यम्स यांचे सशांच्या लग्नाची गोष्ट सांगणारे एक चित्रपुस्तक निघाले. एक ससा पांढरा होता आणि एक काळा. एवढ्यावरून १९५९ मध्ये अलाबामा राज्यात गहजब उडाला. सशांच्या आडून मिश्रविवाहाचा प्रचार होत आहे असा आरोप झाला. राज्याच्या सिनेटमधील एका सदस्याने असली पुस्तके जाळावीत अशी भाषा वापरली. राज्याच्या ग्रंथालयसेवेच्या प्रमुख एमिली रीड या बाईंनी पुस्तक फेकून देण्यास नकार दिला. ते उघड्या कपाटातून उचलून राखीव कपाटात ठेवावे लागले, परंतु मागणाऱ्या ग्रंथालयास ते मिळत राहिले. जातीबाहेरच्या लग्नावरून माणसे कशी पिसाळतात हे आपण पाहिले आहे. तेथे तर सशांचे लग्नही सहन झाले नाही!

रिचर्ड राइट या थोर कृष्णवर्णीय लेखकाने आपल्या ‘ब्लॅक बॉय’ या १९४५ सालच्या आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. तरुणपणी ते मेंफिस शहरात होते. तेथील ग्रंथालयातून काळ्यांना पुस्तके मिळत नसत. तेव्हा एका गोऱ्या सहकाऱ्याचे सभासदपत्र मागून घेऊन, त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहून, आपण केवळ धन्याचा निरोप्या आहो असे भासवून ते पुस्तके नेत. तहानलेल्याने पाणी चोरून प्यावे तसे त्यांनी ज्ञान चोरून घेतले. आणि दैवगती कशी पाहा! १९७६ साली न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज या गावच्या शाळामंडळाने ग्रंथालयातून जी पुस्तके काढून टाकली त्यांत हेच ‘ब्लॅक बॉय’ होते. ज्याला पुस्तक मिळू दिले नव्हते, त्याचे पुस्तक मुलांस मिळू दिले जात नव्हते.

परंतु या वेळी मुलेच उभी राहिली. स्टीव्हन पिको या विद्यार्थ्याने चार सोबत्यांसह मंडळावर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८२ साली न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्तींत मतभेद पुष्कळ होते, परंतु मुख्य निकालपत्राचा आशय असा होता की, पुस्तकातील विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत. अखेरीस ती पुस्तके कपाटात परत आली.

आपण म्हणाल, या झाल्या जुन्या गोष्टी. नाही! १९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालपुस्तक केंद्राने मोजदाद आरंभली तेव्हा वर्षाकाठी निघणाऱ्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांत कृष्णवर्णीयांनी लिहिलेली किंवा चितारलेली पुस्तके आढळली केवळ अठरा. त्यानंतर संख्या पुष्कळ वाढली. परंतु संख्या वाढताच विरोधही वाढला. जुलै २०२१ ते जून २०२२ या एका शालेय वर्षात अमेरिकेतील शाळांमधून पुस्तके काढल्याच्या वा रोखल्याच्या २,५३२ घटना ‘पेन अमेरिका’ या लेखकांच्या संस्थेने नोंदल्या. त्यांत १,६४८ पुस्तके होती, आणि त्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांत प्रमुख पात्रे गौरेतर होती. १९६० साली ज्या रूबी ब्रिजेसला शाळेच्या दारात अडवू पाहिले, तिने मोठेपणी मुलांसाठी लिहिलेल्या आत्मकथेविरुद्ध २०२१ साली टेनेसी राज्यातील एका तालुक्यात तक्रार झाली. ओरडणाऱ्या गोऱ्या जमावाचे वर्णन वाचून गोऱ्या मुलांस वाईट वाटते, असा एक आक्षेप होता. सहा वर्षांच्या मुलीने जे सोसले ते वाचणे देखील इतरांस सोसत नाही!

या आक्षेपाचे उत्तर आपण शांतपणे दिले पाहिजे, कारण उद्या तो आपणासही ऐकावा लागेल. त्या पुस्तकात जमाव आहे, तशा बार्बरा हेन्रीही आहेत. गोऱ्या मुलास दोन्ही दिसतात आणि आपण कोणासारखे व्हावे हे ठरवण्याची संधी त्यास मिळते. सत्य वाचून वाईट वाटणे हा मनाचा दोष नाही. तो मन जिवंत असल्याचा पुरावा आहे. रुडीन सिम्स बिशप या विदुषींनी १९९० साली सांगितले की, मुलाला पुस्तक हे आरशासारखे असावे आणि खिडकीसारखेही असावे. आरशात त्याला स्वतःचे रूप दिसते, खिडकीतून दुसऱ्याचे घर दिसते. काही मुलांच्या वाट्यास नुसते आरसे येतात आणि काहींच्या वाट्यास नुसत्या खिडक्या. दोन्ही मुले अधू राहतात.

आणि हेही पाहा की हे काम केवळ मोठ्यांनीच केले असे नाही. २०१५ साली न्यू जर्सीतील मार्ली डायस या दहा वर्षांच्या मुलीने शाळेत नेमलेली पुस्तके सारखी गोऱ्या मुलांची आणि त्यांच्या कुत्र्यांचीच असल्याची तक्रार आईजवळ केली. यावर तू काय करणार, असे आईने विचारले. मुलीने ठरवले की, कृष्णवर्णीय मुली ज्यांत नायिका आहेत अशी एक हजार पुस्तके जमवावयाची आणि मुलांना वाटावयाची. तिने हजाराहून कितीतरी अधिक जमवली. पेन्सिल्वेनियातील यॉर्क येथे २०२० साली शाळामंडळाने वर्णभेदाविषयीच्या आणि विविध समाजांविषयीच्या पुस्तकांच्या एका संपूर्ण यादीवर बंदी घातली. रोझा पार्क्स यांचे बालचरित्र देखील त्या यादीत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये विद्यार्थी रोज शाळा भरण्यापूर्वी फलक घेऊन दारात उभे राहू लागले, आणि त्याच महिन्यात मंडळास बंदी मागे घ्यावी लागली.

आता मी आपल्या घरी परत येतो. बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत लिहिले आहे की, शाळकरी वयात ते एक परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा वस्तीतील लोकांनी सभा भरवली. दादा केळुसकर अध्यक्ष होते. सभेच्या अखेरीस त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती भेट म्हणून ठेवले. मुलाने ते वाचले. आणि मग त्याने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते रामायण-महाभारत आपण आम्हांस आग्रहाने का वाचावयास लावता? वडिलांस तो प्रश्न रुचला नाही. बंधूंनो, हा क्रम ध्यानात घ्या. घरात ग्रंथ आधीही होते, वाचन आधीही होते. परंतु एक निराळे पुस्तक हाती पडले आणि बाकीच्या पुस्तकांविषयी प्रश्न उत्पन्न झाला. त्या प्रश्नाचे अखेरचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात मिळाले.

पुस्तक भेट देणाऱ्या एका वडीलधाऱ्याच्या हातून एवढे घडू शकते. म्हणून नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस माझे काही सांगणे आहे.

आपण घरातील तसबिरी बदलल्या. आता मुलाचे दप्तर उघडा. त्याचे पुस्तक त्याच्याबरोबर बसून वाचा. ज्या मातांस वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून वाचून घ्यावे आणि विचारावे: यात आपल्यासारखे कोण आहे? तो काय काम करतो? तो बोलतो काय, की त्याच्याविषयी दुसरेच बोलतात? त्याच्या भाषेस हसतात काय? चित्रात त्याचा चेहरा कसा काढला आहे? बेकरबाईंच्या कसोट्या लावण्यास पदवी लागत नाही.

जे पुस्तक या कसोटीस उतरणार नाही ते जाळा किंवा काढून टाका असे मी मुळीच म्हणणार नाही. तो मार्ग अलाबामाच्या त्या सदस्याचा आहे, आपला नव्हे. त्याच्याशेजारी दुसरे पुस्तक ठेवा. दोन पुस्तके शेजारी आली की मूल स्वतः विचार करू लागते. शाळेच्या पालकसभेस जा, मुख्याध्यापकांस सभ्यपणे विचारा की ग्रंथालयात जोतीराव, सावित्रीबाई, बाबासाहेब यांची मुलांना समजतील अशी चरित्रे आहेत काय, आणि ती कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हाती जातात. नसतील तर वर्गणी काढून भेट द्या. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी होती, हे वर्गातील प्रत्येक मुलास कळू द्या, केवळ आपल्याच मुलांस नव्हे.

आणि शेवटी स्वतःस एक प्रश्न विचारा. आपल्या या कपाटात आदिवासी मुलाची गोष्ट आहे काय? मुसलमान मुलीची? भटक्या पालातल्या पोराची? बर्फात खेळणाऱ्या पीटरची? ज्यांना आरसा नाकारला गेला त्यांनी दुसऱ्यांची खिडकी बंद करू नये. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरातील मूल केवळ आपलाच चेहरा पाहून मोठे होणार असेल, तर आपण जुन्याच घरात नवा रंग दिला असे होईल.

त्या मिसिसिपीच्या आईची मला पुनःपुन्हा आठवण होते. तिच्याजवळ सत्ता नव्हती, पैसा नव्हता. तिच्याजवळ कागद होता आणि खळ होती. तिने अपमानाच्या ओळीवर कागद चिकटवला. आपल्या मुलांना आपण त्याहून अधिक काही देऊ शकतो, कारण त्या कोऱ्या कागदावर काय लिहावयाचे हे आता आपल्या हाती आहे.

वाचनालय सुरू झाले असे मी जाहीर करतो. पहिले पुस्तक मुलांनी घ्यावे, मोठ्यांनी मागे उभे राहावे.

जय भीम!